वटवाघूळ चावलं, ओरखडलं तर: ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरांनी टाळायच्या चुका

जुलै २०२५ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातला पन्नाशीतला एक माणूस ऑस्ट्रेलियन बॅट लिसाव्हायरसने दगावला. वटवाघूळ चावल्याला काही महिने होऊन गेले होते आणि चावल्यानंतर त्याने उपचारही घेतले होते. १९९६ मध्ये बॅलिनाजवळ सापडलेल्या एका काळ्या फळवटवाघळात हा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला. तेव्हापासून माणसांतले चारच रुग्ण नोंदले गेले, आणि चौघांपैकी एकही वाचला नाही.

आकडा चार असला तरी वटवाघळांशी संपर्क दुर्मीळ नाही. एकट्या न्यू साउथ वेल्समध्ये २०२४ साली ११८ जणांना चाव्यामुळे किंवा ओरखड्यामुळे डॉक्टरी तपासणी लागली. ब्रिस्बेन-सिडनीच्या उपनगरांत मागच्या अंगणात आंबा, पेरू, अंजीर लावणारी मराठी घरं बरीच आहेत, आणि फळं पिकली की संध्याकाळी वटवाघळं येतातच. त्यांना घाबरायचं कारण नाही. पण ती हाताशी आली तर काय करायचं, हे आधीच पक्कं माहीत हवं.

चूक: “ऑस्ट्रेलियात रेबीज नाही, मग काळजी कसली?”

कुत्र्यांमधला रेबीज ऑस्ट्रेलियात नाही, हे खरं आहे. पण रेबीज हा लिसाव्हायरस कुळातला एक विषाणू, आणि वटवाघळातला हा विषाणू त्याचाच सख्खा भाऊ. माणसाच्या शरीरात दोघांचं वागणं सारखंच. जखमेतून स्नायूत, तिथून मज्जातंतूत, मज्जातंतूच्या आतून हळूहळू मेंदूकडे. चावलेल्या जागी मुंग्या येणं, ताप, डोकेदुखी, मग गिळता न येणं, पाण्याची भीती, भ्रम, लकवा, बेशुद्धी. लक्षणं सुरू झाल्यावर उपयोगी पडेल असं औषध आजही नाही.

नातं इतकं जवळचं असण्याचा फायदाही आहे: रेबीजचीच लस आणि रेबीजचंच इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) इथे चालतं. म्हणून वटवाघूळ चावल्यावर डॉक्टरांनी ‘रेबीजची लस’ म्हटलं तर चकित होऊ नका. आणि ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ ही घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातली लस डोक्यातून काढून टाका. मेंदूच्या पेशींपासून बनवलेली ती जुनी लस भारतातही २००५ पासून वापरात नाही. आताची लस दंडात देतात.

चूक: अडकलेलं वाघूळ आपणच सोडवणं

बहुतेक प्रकरणं इथेच घडतात, आणि ती चांगल्या मनाच्या माणसांच्या बाबतीत घडतात. सकाळी पडदा सरकवावा तर आंब्यावर टाकलेल्या जाळीत वाघूळ गुरफटलेलं, पंखाचा पातळ पडदा फाटलेला, डोळे उघडे, दमून थांबून थांबून फडफडणारं. हात आपसूक पुढे जातो. ते मात्र जिवाच्या आकांताने चावतं. सुळे सुईसारखे असतात आणि अंगठ्याला आकड्यासारखं नख असतं. बागकामाच्या हातमोज्यातून दात सहज आत जातो. टॉवेल तर नावालाच.

हेही लक्षात घ्या की आकाशातून उडणाऱ्या निरोगी वटवाघळांपैकी १ टक्क्याहून कमी जणांत हा विषाणू आढळतो. पण जमिनीवर पडलेल्या, दिवसाढवळ्या एकट्याने खालच्या फांदीला लटकलेल्या, आजारी किंवा पोरक्या वटवाघळांत हे प्रमाण कितीतरी जास्त असतं. म्हणजे जे वाघूळ आपल्या हाती लागू शकतं, तेच नेमकं जास्त धोक्याचं.

मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना घरात घ्या. वाघूळ जमिनीवर असेल तर लांबूनच कपड्यांची प्लॅस्टिकची टोपली किंवा खोका त्यावर पालथा घालता आला तर घाला. जमत नसेल तर तेही नको. जाळीत किंवा काटेरी तारेत असेल तर काहीही कापू नका. लस घेतलेल्या प्रशिक्षित स्वयंसेवकांना बोलवा: न्यू साउथ वेल्समध्ये वायर्स संस्था (१३०० ०९४ ७३७), क्वीन्सलँडमध्ये आरएसपीसीए ही प्राणिकल्याण संस्था (१३०० २६४ ६२५). वसंतात, पिल्लांच्या हंगामात, विजेच्या तारेवर मेलेली मादी दिसली तर ती मेली म्हणून सोडून देऊ नका, कळवा. पंखाखाली पिल्लू जिवंत असू शकतं. काठीने ते खाली पाडायचा प्रयत्न मात्र अजिबात करू नका.

जाळीचा प्रश्न तर खरेदीच्या वेळीच सुटतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी मोठ्या भोकांची, सैल, नायलॉनची जाळी हा खरा सापळा आहे. व्हिक्टोरियात १ सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांसाठी ताणल्यावर ५ मिलिमीटर गुणिले ५ मिलिमीटरपेक्षा मोठं भोक असलेली जाळी वापरायला मनाई आहे. साधी परीक्षा: जाळीतून बोट आरपार गेलं तर ती जाळी नको. पांढरी, घट्ट विणीची घ्या आणि चौकटीवर ताणून बसवा, झाडावर नुसती टाकू नका. एखाददुसऱ्या फांदीपुरतं काम असेल तर घडाला कापडी पिशवी बांधणं सर्वांत सोपं.

चूक: जखमेच्या आकारावरून धोका ठरवणं

“रक्तसुद्धा आलं नाही” हे वाक्य ऐकलं की काळजी वाटते. कुत्र्याच्या चाव्यात मांस फाटतं, त्यामुळे आपल्या डोक्यात जखमेचं एक चित्र पक्कं असतं. वटवाघळाचा दात आत जाऊन बाहेर येतो तेव्हा टाचणी टोचल्यासारखा ठिपका उरतो. कीटक खाणाऱ्या छोट्या वटवाघळाचा दात लागला तर तासाभराने तो ठिपका भिंगानेही सापडणार नाही. जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाशी झालेला थेट संपर्क सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत धरते. ऑस्ट्रेलियातही रक्त न आलेला ओरखडा लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन देण्याइतका गंभीर मानतात.

मोजायचं ते हे: चावा, ओरखडा, किंवा डोळ्यात, नाकात, तोंडात, उघड्या जखमेवर गेलेली लाळ. कोणत्याही जातीच्या वटवाघळाकडून. १९९६ साली रॉकहॅम्प्टनला दगावलेली पहिली रुग्ण प्राण्यांची देखभाल करणारी होती आणि तिला लागण झाली ती पिवळ्या पोटाच्या, कीटक खाणाऱ्या वटवाघळाकडून. ‘मोठी फळखाऊच तेवढी धोक्याची’ हा समज तिथेच खोटा ठरला.

न मोजायचं तेही तितकंच महत्त्वाचं, कारण नको त्या भीतीने माणसं झाडं तोडतात आणि शेजाऱ्यांशी भांडतात. गाडीवर पडलेली विष्ठा, वाळत घातलेल्या कपड्यांवरचे मूत्राचे डाग, डोक्यावरून गेलेला थवा, शाळेच्या वाटेवरची वसाहत: यांतून लिसाव्हायरस होत नाही. विष्ठा, मूत्र, रक्त यांतून तो पसरत नाही. डाग हातमोजे घालून साबणाने धुवा, ती साधी स्वच्छता झाली. घोड्यांमार्फत माणसाला होणारा हेंड्रा आणि भारत-बांगलादेशातला निपाह हे वटवाघळांशी जोडलेले, पण पूर्ण वेगळ्या कुळातले विषाणू आहेत. त्यांचे नियम इथे लावू नका आणि इथले तिकडे नेऊ नका.

चूक: नळाखाली दोन सेकंद

जखम धुणं हा उपचाराचा पहिला भाग आहे, औपचारिकता नव्हे. विषाणू अजून जखमेच्या तोंडाशीच असतो, त्याच्यावर चरबीयुक्त आवरण असतं आणि साबण नेमकं तेच आवरण फोडतो. म्हणून साबण आणि वाहतं पाणी, किमान १५ मिनिटं. पंधरा मिनिटं अंदाजाने होत नाहीत. फोनवर टायमर लावा. तीन-चार मिनिटांनी हात थांबतो असाच अनुभव येतो. घासू नका, खरवडू नका, नुसता फेस करत धुवत राहा. छोट्या ठिपक्याला थोडं उघडं धरून पाणी आत जाऊ द्या. मग पोव्हिडोन-आयोडीन लावा. डोळ्यात किंवा तोंडात लाळ गेली असेल तर नुसत्या पाण्याने खूप वेळ धुवा.

हळद, चुना, तिखट, चहाची पूड यातलं काही जखमेवर नको. त्वचेला इजा होते आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. घट्ट पट्टी नको. जखम मोठी असलीच तरी टाके घालायची घाई नको; घालावेच लागले तर आधी इम्युनोग्लोब्युलिन जखमेत जायला हवं.

चूक: कुत्र्याचे नियम वटवाघळाला लावणं

“दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवू, जगलं तर काही नाही.” भारतात कुत्रं चावल्यावर हे ऐकत आपण वाढलो. तो नियम कुत्र्या-मांजरांपुरताच आहे, कारण लाळेत विषाणू आल्यानंतर किती दिवसांत ते आजारी पडतात हे अभ्यासलेलं आहे. वटवाघळाला तो लागू नाही. खोक्यात ठेवून वाट बघणं म्हणजे आपले दिवस घालवणं, आणि वर आणखी कोणाला तरी चावा.

तसंच “आधी रक्त तपासून घेऊ.” विषाणू रक्तातून प्रवास करत नाही, मज्जातंतूतून करतो. लक्षणांआधी लागण दाखवणारी रक्तचाचणी नाही. तपासता येतं ते वटवाघूळ, आणि तेही मेंदूच्या पेशींवरून. म्हणून चावलेलं वाघूळ मेलेलं असेल तर फेकू नका, डोक्यावर घाव घालू नका, आरोग्य विभागाला कळवा. पण ते पकडण्यासाठी दुसरा चावा ओढवून घेऊ नका. वाघूळ उडून गेलं असेल तर ते बाधित होतं असं धरूनच उपचार होतात. तपासणीचा निकाल लवकर मिळणार असेल तर लस थोडी थांबवायची का, हे आरोग्य विभाग ठरवेल, तुम्ही नाही. डोक्यावर किंवा मानेवर जखम असेल तर सहसा थांबत नाहीत, कारण तिथून मेंदू जवळ.

चूक: “एक इंजेक्शन घेतलं, झालं”

ज्याला पूर्वी रेबीजची लस मिळालेली नाही, त्याच्या उपचाराचे दोन भाग असतात. लस शरीराला स्वतःची प्रतिपिंडं बनवायला शिकवते, पण त्याला आठवडा-दहा दिवस लागतात. मधल्या काळात राखण करतं ते तयार प्रतिपिंडांचं इम्युनोग्लोब्युलिन. घाईत आणि गैरसमजात सगळ्यात जास्त वेळा राहून जातं ते हेच.

मात्रा वजनावर: दर किलोला २० युनिट. ७० किलोच्या माणसाला १४०० युनिट; १५० युनिट प्रति मिलिलिटरच्या द्रावणाने साधारण ९.३ मिलिलिटर. हे शक्य तितकं जखमेत आणि जखमेभोवती टोचायचं असतं. बोटाच्या टोकावर चावा असेल तर तिथे मिलिलिटरभर जाणंही कठीण, दुखतंही फार, आणि जोराने भरलं तर बोटाचा रक्तपुरवठा दाबला जातो. डॉक्टर सावकाश, थोडं थोडं भरतील. हात मागे घेऊ नका. “दुखतंय, कंबरेत द्या” असं सांगू नका. विषाणू बोटात असताना औषध दुसरीकडेच गेलं तर खरा उपयोग हुकतो. उरलेल्या औषधाचं काय करायचं ते डॉक्टर पाहतील. लसीच्या जागी आणि त्याच सिरिंजमधून मात्र ते कधीच द्यायचं नसतं.

पहिल्या लसीच्या दिवशी ते मिळालं नाही तर सातव्या दिवसापर्यंत देता येतं. त्यानंतर नाही, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं येऊ लागलेली असतात आणि बाहेरची त्यांच्या आड येतात.

लस ऑस्ट्रेलियात ०, ३, ७ आणि १४ व्या दिवशी, असे चार डोस, दंडाच्या स्नायूत. तान्ह्या बाळाला मांडीत. पार्श्वभागात कधीच नाही. तिथे चरबीत अडकून लस कमी काम करते. मेथोट्रेक्सेट (संधिवाताची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी), दीर्घकाळ स्टेरॉइड, केमोथेरपी चालू असलेल्यांना किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना २८ व्या दिवशी पाचवा डोस लागतो आणि नंतर प्रतिपिंडं ०.५ युनिट प्रति मिलिलिटरपर्यंत पोचली का हे रक्तातून तपासतात. म्हणून संधिवाताची ‘आठवड्याची एक गोळी’ आधी सांगा, विचारायची वाट पाहू नका. गरोदरपण ही लस टाळण्याचं कारण नाही.

पूर्वी पूर्ण कोर्स झालेला असेल तर ० आणि ३ व्या दिवशी दोनच डोस, इम्युनोग्लोब्युलिन नाही. अनेक मराठी माणसांना लहानपणी कुत्रं चावल्याची लस मिळालेली असते. पण “बहुतेक घेतली होती” याला पुरावा म्हणत नाहीत. कागद नसेल तर नव्याने सगळं.

ही औषधं सगळ्या दवाखान्यांत ठेवलेली नसतात. रिसेप्शनवर “छोटा ओरखडा आहे” म्हणालात तर परवाची अपॉइंटमेंट मिळेल. “वटवाघळाने ओरखडलं आहे, लिसाव्हायरसचे उपचार हवेत” असं स्पष्ट सांगा. डॉक्टर सार्वजनिक आरोग्य विभागाला फोन करून औषध मागवतात. न्यू साउथ वेल्समध्ये तुम्ही स्वतःही १३०० ०६६ ०५५ वर विचारू शकता. रात्र असेल, सुट्टी असेल तर रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.

चूक: मुलाला दरडावून विचारणं

फेब्रुवारी २०१३ मध्ये उत्तर क्वीन्सलँडचा आठ वर्षांचा मुलगा या आजाराने गेला. व्हिटसंडे बेटांवरच्या सुट्टीत, डिसेंबरमध्ये, त्याला वटवाघळाने इजा केली होती आणि घरी ते वेळेत कळलंच नाही. आपल्याकडे “खरं सांग, हात लावलास का त्याला?” असा आवाज चढला की मूल “नाही” म्हणतं आणि विषय संपतो. त्याऐवजी घडलेलं चित्र काढून घ्या: वाघूळ कुठे होतं? तू किती जवळ होतास? ते हललं तेव्हा कोण काय करत होतं? मग अंघोळीच्या वेळी चांगल्या उजेडात हात, बोटांच्या मधल्या जागा, मान, कानामागचा भाग बघा. आणि एक गोष्ट आजच सांगून ठेवा, वाघूळ दिसायच्या आधीच: हात लागला तर आई-बाबा रागावणार नाहीत, फक्त लगेच सांगायचं.

चूक: “आता दोन महिने झाले, राहू दे”

ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या रुग्णाला, मॅकायच्या एका महिलेला, लहान मुलाच्या अंगावर बसलेलं वटवाघूळ काढताना ते चावलं. तो ऑगस्ट १९९६ होता. लक्षणं दिसली २७ महिन्यांनी, १९९८ च्या अखेरीस. विषाणू किती काळ शांत राहील याचा नेम नाही, म्हणून उपचारांना ‘उशीर झाला’ अशी तारीख नाही. लक्षणं नसतील तोवर, गेल्या वर्षीचा ओरखडा आज आठवला तरी आजच फोन करा.

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये असाल तर

अमेरिकेतल्या वटवाघळांत खुद्द रेबीजचाच विषाणू असतो आणि तिथे देशात लागण झालेल्या माणसांच्या रेबीजमागे बहुतेक वेळा वटवाघूळच असतं. तिथली नेहमीची चूक म्हणजे झोपायच्या खोलीत शिरलेलं वाघूळ खिडकी उघडून सोडून देणं. खोलीत कोणी झोपलेलं असेल, एकटं लहान मूल असेल, तर चावा नाकारता येत नाही आणि सोडून दिलेलं वाघूळ तपासता येत नाही. ते भिंतीवर बसेपर्यंत थांबा, कातडी हातमोजे घाला, त्यावर डबा पालथा धरा, मागून पुठ्ठा सरकवा, चिकटपट्टी लावा, आणि आरोग्य विभागाला बोलवा. कोणी झोपलेलं नव्हतं, सगळे जागे होते आणि संपर्क आलाच नाही याची खात्री असेल तरच दार बंद करून, दिवे मालवून, खिडकी उघडी ठेवा. ते आपणहून जाईल. ब्रिटनमध्ये धोका फार कमी, तरी शून्य नाही: २००२ मध्ये स्कॉटलंडमधला एक वटवाघूळ-संवर्धक युरोपीय लिसाव्हायरसने दगावला होता. आफ्रिकेतल्या वटवाघळांत सापडणाऱ्या लागोस बॅट विषाणूवर मात्र सध्याच्या लसीचा भरवसा नाही, म्हणून तिथे वटवाघळांपासून लांब राहणं हाच सर्वांत चांगला उपाय.

आणि भारतात आलात तर

गावच्या वडा-पिंपळावर लटकणारी मोठी वाघळं श्रीलंकेतही आहेत. तिथे याच जातीत गन्नोरुवा बॅट लिसाव्हायरस सापडला आणि २०१६ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. नागालँडमधल्या वटवाघळांत लिसाव्हायरसविरुद्धची प्रतिपिंडं आढळली आहेत. भारतात माणसाचा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांमुळे होतो, त्यामुळे सरकारी दवाखान्यात वटवाघळाचं नाव काढल्यावर “त्याला लस कशाला?” असं ऐकायला मिळू शकतं. नम्रपणे पण ठाम राहा: चावा किंवा ओरखडा असेल तर धुणं, इम्युनोग्लोब्युलिन आणि लस, तिन्ही.

कोर्स एका देशात सुरू आणि दुसऱ्या देशात पूर्ण, हे सुट्टीत सर्रास घडतं आणि घोळही तिथेच होतो. भारतात सरकारी दवाखान्यांत लस बहुधा त्वचेत देतात, प्रत्येक वेळी दोन जागी ०.१ मिलिलिटर, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. ऑस्ट्रेलियात ती स्नायूत आणि वेगळ्या दिवशी. सिडनीचा डॉक्टर “तीन डोस झाले” एवढ्यावरून पुढचं ठरवू शकत नाही. दवाखाना सोडण्याआधी कागदावर हे लिहून घ्या आणि फोनमध्ये फोटो काढा: लसीचं नाव आणि बॅच, प्रत्येक डोसची तारीख, त्वचेत की स्नायूत, इम्युनोग्लोब्युलिन दिलं का, माणसाच्या रक्तापासून बनवलेलं की घोड्याच्या, किती युनिट, कुठे टोचलं, आणि त्या दिवशीचं वजन.